विश्लेषण : झाडाची उंची, फोनचा कल आणि बारावीचे गणित… ‘इन्व्हर्स’ त्रिकोणमितीची सूत्रे पाठ न करता कशी काढायची?

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा परिसरात सागाची किंवा ऐनाची उंची कोन मोजून काढता येते. हातातल्या फोनला आपण किती कललो आहोत हेही कोनावरूनच कळते. बारावी विज्ञानाच्या गणितातील ‘इन्व्हर्स ट्रिग्नोमेट्रिक फंक्शनचे डेरिव्हेटिव्ह’ हा भाग याच कोनांविषयी आहे. तरीही बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत तो केवळ सहा सूत्रांचा तक्ता म्हणून येतो आणि परीक्षेत त्यातल्या एखाद्या सूत्राचे चिन्ह किंवा वर्गमूळ निसटते. ही सूत्रे येतात कुठून, ती नेमके काय सांगतात आणि दहावीच्या त्रिकोणमितीवरून ती कशी काढता येतात, याचा हा आढावा.

विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात?

राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेच्या गणिताच्या पुस्तकात हा विषय दोन ठिकाणी विभागला आहे. पहिल्या भागात त्रिकोणमितीय फलनांच्या प्रकरणात ‘इन्व्हर्स’ म्हणजे काय ते येते. दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण ‘डिफरन्सिएशन’ म्हणजे अवकलन. त्यात त्यांचे डेरिव्हेटिव्ह काढायचे असतात. दोन्हींच्या मध्ये बरेच महिने जातात. पहिले विसरलेले असते तेव्हा दुसरे सुरू होते.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाने त्रिकोणमिती ‘संमुख बाजू’, ‘लगतची बाजू’, ‘कर्ण’, ‘उन्नत कोन’ अशा शब्दांत शिकलेली असते. अकरावीत विज्ञान शाखेचे गणित इंग्रजीतून सुरू होते. त्रिकोण तोच असतो, पण त्याची ओळख तुटते. कुरखेडा परिसरात अनेक घरांत गोंडी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. अशा घरांतल्या मुलांसाठी हा भाषेचा दुसरा उंबरठा ठरतो.

परीक्षेचा हिशेबही कडक आहे. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला २ गुण. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १ मिनिट ४८ सेकंद. यातला सुमारे ८० टक्के भाग बारावीचा असतो. पाठ केलेले सूत्र ऐन वेळी आठवले नाही, तर ते पुन्हा उभे करण्याची युक्ती हाताशी असावी लागते. सुदैवाने ती युक्ती एका काटकोन त्रिकोणात मावते.

‘इन्व्हर्स’ म्हणजे काय?

साधी त्रिकोणमिती कोनावरून गुणोत्तर सांगते. कोन ३० अंश असेल तर साइन ०.५, म्हणजे संमुख बाजू कर्णाच्या निम्मी. इन्व्हर्स त्रिकोणमिती उलटा प्रश्न विचारते. गुणोत्तर ०.५ आहे, तर कोन किती? उत्तर ३० अंश. याला ‘साइन इन्व्हर्स ०.५’ म्हणतात.

येथे पहिली चूक होते. साइनच्या डोक्यावर लहान ‘−१’ लिहिलेला दिसतो आणि तो घात समजून विद्यार्थी ‘१ भागिले साइन’ करतात. ‘१ भागिले साइन’ म्हणजे कोसेक, ते वेगळे. साइन इन्व्हर्सचे उत्तर नेहमी कोन असते, हे लक्षात ठेवले की गोंधळ टळतो.

दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. साइन ०.५ येईल असा कोन एकच नाही. ३० अंशाचा आहे, तसाच १५० अंशाचाही आहे. उत्तर एकच यावे म्हणून गणिताने एक पट्टा ठरवून दिला आहे. साइन इन्व्हर्सचे उत्तर उणे ९० ते ९० अंशांतच द्यायचे, टॅन इन्व्हर्सचेही याच दोन टोकांच्या आत, कॉस इन्व्हर्सचे ० ते १८० अंशांत. याला ‘प्रिन्सिपल व्हॅल्यू’ म्हणतात. हा नियम कोरडा वाटतो, पण पुढे चिन्हाच्या बहुतेक चुका तो विसरल्यामुळेच होतात.

डेरिव्हेटिव्ह येथे काय सांगतो?

डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर. येथे त्याचा अर्थ असा : गुणोत्तर किंचित बदलले तर कोन किती बदलेल? किंवा मोजमापाच्या भाषेत, गुणोत्तर मोजताना थोडी चूक झाली तर कोनात किती चूक होईल?

उत्तर सगळीकडे सारखे नसते. साइनचे गुणोत्तर शून्याजवळ असताना ते थोडे हलले तर कोनही थोडाच हलतो. गुणोत्तर १ च्या जवळ असताना मात्र तेवढ्याच हालचालीने कोन बराच सरकतो. कोणत्या ठिकाणी कोन स्थिर आणि कोणत्या ठिकाणी डळमळीत, हेच ही सूत्रे सांगतात.

सूत्र त्रिकोणातून कसे निघते?

गुणोत्तराला क्ष म्हणू. कर्ण १ आणि संमुख बाजू क्ष असलेला काटकोन त्रिकोण काढायचा. या कोनाचा साइन क्ष भागिले १, म्हणजे क्ष. पायथागोरसच्या प्रमेयाने लगतची बाजू √(१ − क्ष²) येते.

आता अकरावीत शिकलेली गोष्ट आठवायची. कोन बदलला की साइन ज्या दराने बदलतो, तो दर म्हणजे कॉस. या त्रिकोणात कॉस म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, म्हणजेच √(१ − क्ष²).

आता प्रश्न उलटा. कोनामुळे गुणोत्तर ज्या दराने बदलते, त्याच्या व्यस्त दराने गुणोत्तरामुळे कोन बदलतो. एखादे झाड वर्षाला २ फूट वाढत असेल, तर १ फूट वाढायला त्याला अर्धे वर्ष लागते. हिशेब तितकाच सोपा. पुस्तकात हेच ‘डीवाय बाय डीएक्स आणि डीएक्स बाय डीवाय एकमेकांचे व्यस्त’ अशा प्रमेयाच्या रूपात येते. अट एवढीच की ज्याने भागायचे तो दर शून्य नसावा. म्हणून :

साइन इन्व्हर्स क्ष चा डेरिव्हेटिव्ह = १ / √(१ − क्ष²)

सूत्रात साइन किंवा कॉस कुठेच उरले नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण सरळ आहे. त्रिकोणाची प्रत्येक बाजू क्ष वरून लिहिता आली, त्यामुळे कोनाचे नाव घेण्याची गरजच राहिली नाही.

टॅनसाठी त्रिकोण थोडा बदलायचा. लगतची बाजू १, संमुख बाजू क्ष, म्हणजे कर्ण √(१ + क्ष²). टॅन ज्या दराने बदलतो तो दर म्हणजे सेकचा वर्ग. येथे सेक म्हणजे कर्ण भागिले लगतची बाजू, आणि त्याचा वर्ग १ + क्ष². उलटे केले की :

टॅन इन्व्हर्स क्ष चा डेरिव्हेटिव्ह = १ / (१ + क्ष²)

वर्गमूळ कोणत्या सूत्रात आहे आणि कोणत्या नाही, अधिक कुठे आणि उणे कुठे, हे प्रश्न त्रिकोण काढला की आपोआप सुटतात. साइनमध्ये कर्ण माहीत असतो, त्यामुळे वजाबाकी येते. टॅनमध्ये कर्ण काढायचा असतो, त्यामुळे बेरीज येते.

उरलेल्या चार सूत्रांचे काय?

तीन सूत्रे जवळपास फुकट मिळतात. काटकोन त्रिकोणात उरलेले दोन कोन मिळून ९० अंश होतात. म्हणून साइन इन्व्हर्स क्ष आणि कॉस इन्व्हर्स क्ष यांची बेरीज नेहमी ९० अंशच असते. बेरीज ठरलेली असल्यावर एक जितका वाढेल तितकाच दुसरा घटणार. म्हणून कॉस इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह तोच, फक्त उणे चिन्हासह. टॅन आणि कॉट, सेक आणि कोसेक या जोड्यांनाही हेच लागू.

सहावे सूत्र सेक इन्व्हर्सचे. त्रिकोणात कर्ण क्ष आणि लगतची बाजू १ घेतली की संमुख बाजू √(क्ष² − १) येते. सेकचा दर ‘सेक गुणिले टॅन’, म्हणजे क्ष √(क्ष² − १). तो उलटा केला की सूत्र तयार. क्ष उण असू शकतो, म्हणून छेदात क्ष ची केवळ किंमत, म्हणजे चिन्ह सोडून किंमत घ्यायची. अशा प्रकारे तीन त्रिकोण आणि ९० अंशांची एक बेरीज, एवढ्यावर सहा सूत्रे उभी राहतात.

जंगलात झाड मोजताना याचा काय संबंध?

वनमोजणीत झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतला जातो. घेर टेपने मिळतो, पण उंचीसाठी झाडावर चढणे नेहमीच शक्य नसते. म्हणून ठरावीक अंतरावर उभे राहून शेंड्याचा उन्नत कोन मोजतात. अंतर आणि कोन कळले की उंची मिळते.

समजा सपाट जमिनीवर एखाद्या झाडाचा शेंडा मोजणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीपासून १५ मीटर उंच आहे आणि मोजणारा २० मीटरवर उभा आहे. गुणोत्तर १५ भागिले २०, म्हणजे ०.७५. टॅन इन्व्हर्स ०.७५ म्हणजे सुमारे ३६.९ अंश. सूत्राने या ठिकाणचा दर १ / (१ + ०.५६२५), म्हणजे ०.६४.

आता शेंडा आणखी १ मीटर उंच असता, तर गुणोत्तर ०.८ झाले असते, म्हणजे ०.०५ ने जास्त. सूत्राचा अंदाज : ०.०५ गुणिले ०.६४, म्हणजे ०.०३२ रेडियन, अंशांत सुमारे १.८३. प्रत्यक्षात टॅन इन्व्हर्स ०.८ म्हणजे सुमारे ३८.७ अंश आणि फरक १.७९ अंश. अंदाज आणि उत्तर जवळपास जुळले.

खरा उपयोग मात्र उलट बाजूने होतो. हाताने कोन मोजताना १ अंशाची चूक सहज होते. त्यामुळे उंची किती चुकेल? तोच दर उलटा वापरला की २० मीटरवरून चूक सुमारे ५५ सेंटीमीटर येते. तोच मोजणारा झाडाच्या अगदी जवळ, ५ मीटरवर गेला तर गुणोत्तर ३ होते आणि दर घसरून १/१० वर येतो. कोन फारसा हलत नाही, म्हणून कोनातल्या १ अंशाच्या चुकीने उंची सुमारे ८७ सेंटीमीटर चुकते. फार लांब, ४० मीटरवर गेले तरी चूक ८० सेंटीमीटरच्या आसपास जाते. सर्वांत कमी चूक, सुमारे ५२ सेंटीमीटर, १५ मीटरवरून होते. तेथे शेंडा बरोबर ४५ अंशांवर दिसतो.

यातून कामाचा नियम मिळतो : झाड जितके उंच, साधारण तितकेच लांब उभे राहून कोन घ्यावा. हा नियम अनुभवानेही सापडतो, पण तो का खरा आहे हे टॅन इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह सांगतो.

मोबाइल फोन हे गणित कसे वापरतो?

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो. फोन स्थिर असताना गुरुत्वाकर्षणाचा किती भाग फोनच्या लांबीच्या दिशेने पडतो, हे तो मोजतो. फोन सपाट टेबलावर असेल तर हा भाग शून्य. फोन ताठ उभा केला की पूर्ण, म्हणजे १. या आकड्याचा साइन इन्व्हर्स घेतला की फोनचा कल मिळतो. स्क्रीन आडवी-उभी फिरणे किंवा ‘लेव्हल’ ॲपमधला बुडबुडा हा याच प्रकारच्या हिशेबाचा खेळ.

पण सूत्र येथे इशारा देते. साइन इन्व्हर्सच्या दराच्या छेदात √(१ − क्ष²) आहे. क्ष शून्य असताना दर १. क्ष ०.९९ असताना दर सुमारे ७. क्ष १ च्या जवळ जाईल तसा छेद शून्याकडे जातो आणि दर बेसुमार वाढतो. आकड्यांत पाहू. सेन्सरचा आकडा ० ऐवजी ०.००५ आला तर कोन ०.३ अंशापेक्षाही कमी चुकतो. ०.९९ ऐवजी ०.९९५ आला तर तो ८१.९ वरून ८४.३ अंशांवर जातो, म्हणजे जवळपास २.४ अंशांची चूक. सेन्सरची चूक तेवढीच, कोनातली चूक आठपट.

म्हणून कल काढताना एका दिशेचा आकडा घेऊन साइन इन्व्हर्स करण्याऐवजी दोन दिशांच्या आकड्यांचे गुणोत्तर घेऊन टॅन इन्व्हर्स करण्याची पद्धत रूढ आहे. टॅन इन्व्हर्सचा दर १ / (१ + क्ष²) कधीही १ च्या वर जात नाही. उभ्या फोनमध्ये एका दिशेचा आकडा डळमळीत झाला, तरी दुसऱ्या दिशेचा आकडा कोन सांभाळून घेतो.

अंशांऐवजी रेडियन का?

वरील सर्व सूत्रे कोन रेडियनमध्ये मोजला तरच खरी असतात. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. अंशांत उत्तर हवे असेल तर शेवटी ५७.३ ने गुणायचे.

हे कोणीही फोनवर तपासू शकेल. सायंटिफिक कॅल्क्युलेटर रेडियनवर लावून टॅन इन्व्हर्स १ काढला तर ०.७८५४ येते आणि टॅन इन्व्हर्स १.०१ काढला तर ०.७९०४. फरक ०.००५०, गुणोत्तरातला बदल ०.०१. भागाकार सुमारे ०.५. सूत्रही १ / (१ + १), म्हणजे ०.५ सांगते. कॅल्क्युलेटर चुकून अंशांवर राहिला तर हाच भागाकार २८.५ च्या आसपास येतो. तो आकडा पाहून सूत्र चुकीचे आहे असे समजू नये. चूक फक्त एककाची आहे.

परीक्षेत चूक कुठे होते?

या प्रकरणातले अनेक प्रश्न दिसतात अवघड, पण ते वेश पालटलेले सोपे प्रश्न असतात. उदाहरणार्थ, कॉस क्ष भागिले (१ + साइन क्ष), या सगळ्याचा टॅन इन्व्हर्स. थेट भागाकाराच्या नियमाने गेले तर अर्धे पान खर्च होते. अर्ध्या कोनाची सूत्रे लावली तर, क्ष उणे ९० ते ९० अंशांत असताना, हे सगळे ‘४५ अंश वजा क्ष चा निम्मा’ एवढेच आहे असे दिसते. डेरिव्हेटिव्ह : उणे १/२. एका ओळीत उत्तर.

अशा प्रश्नांत आधी रूप ओळखायचे असते. वर्गमुळात १ − क्ष² दिसले तर क्ष ला साइन समजून पाहायचे, १ + क्ष² दिसले तर टॅन, क्ष² − १ दिसले तर सेक. हे तेच तीन त्रिकोण आहेत.

धोका चिन्हाचा. २क्ष / (१ + क्ष²) चा साइन इन्व्हर्स हा लोकप्रिय प्रश्न घेऊ. क्ष ला टॅन मानले की आतला भाग दुप्पट कोनाचा साइन होतो. म्हणून उत्तर ‘दोन टॅन इन्व्हर्स क्ष’ आणि डेरिव्हेटिव्ह २ / (१ + क्ष²), असे बरेच जण लिहून मोकळे होतात. क्ष उणे १ आणि १ यांच्यामध्ये असेल तर हे बरोबर आहे. पण क्ष √३ असेल तर? टॅन इन्व्हर्स √३ म्हणजे ६० अंश, त्याची दुप्पट १२० अंश. साइन इन्व्हर्सला ९० च्या वर जायची परवानगी नाही. तो १८० वजा १२०, म्हणजे ६० अंश देतो. आता क्ष वाढला की दुप्पट कोन वाढतो, पण १८० मधून तो वजा होत असल्यामुळे उत्तर घटते. म्हणून क्ष १ पेक्षा मोठा किंवा उणे १ पेक्षा लहान असताना डेरिव्हेटिव्ह उणे २ / (१ + क्ष²) येतो. क्ष बरोबर १ किंवा उणे १ असताना आलेख अणकुचीदार वळण घेतो आणि तेथे डेरिव्हेटिव्ह नसतोच.

प्रश्नात क्ष ची मर्यादा दिलेली असेल तर ती सजावटीसाठी नसते. बहुपर्यायी परीक्षेत अधिक आणि उणे असे दोन्ही पर्याय समोर ठेवलेले असू शकतात, आणि निवड त्या एका मर्यादेवर ठरते.

तिसरी चूक साखळी नियमाची. इन्व्हर्सच्या आत क्ष ऐवजी ३क्ष किंवा क्ष² असेल तर सूत्रात क्ष च्या जागी ते सगळे घालायचे आणि आतल्या भागाच्या डेरिव्हेटिव्हने गुणायचे. टॅन इन्व्हर्स ३क्ष चे उत्तर ३ / (१ + ९क्ष²) येते. वरचा ३ किंवा खालचा ९, यांतला एक विसरणे ही नेहमीची गोष्ट.

या गणिताचा महाराष्ट्राशी आणि भारताशी काय संबंध?

साइन, कॉस हे शब्द येण्याआधी भारतीय ज्योतिषी ज्या, कोज्या आणि चाप या शब्दांत हेच गणित करत होते. सन १११४ मध्ये जन्मलेले भास्कराचार्य मूळचे सह्याद्रीच्या परिसरातल्या विज्जलविडचे. वयाच्या ३६ व्या वर्षी, सन ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती पुरेशी नाही, त्या क्षणाची ‘तात्कालिक’ गती हवी, असे त्यांनी मांडले. ती काढताना ज्याचा सूक्ष्म बदल कोज्याच्या प्रमाणात होतो, हा नियम त्यांनी वापरला. आजच्या भाषेत, साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख अभ्यासकांपुढे आणला.

उलटा प्रश्न, म्हणजे ज्या बदलली तर चाप किती बदलतो, पुढे केरळमधल्या गणितींनी सोडवला. सन १५०० च्या सुमारास नीळकंठ सोमयाजी यांच्या ‘तंत्रसंग्रह’ ग्रंथात ग्रहाच्या गतीसाठी साइन इन्व्हर्सच्या डेरिव्हेटिव्हशी जुळणारा नियम येतो. त्याआधी संगमग्रामच्या माधवाने टॅन इन्व्हर्सची अनंत श्रेढी शोधली होती. तिचे विवेचन ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात आहे. स्पर्शरेषेचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासमोर चापाचा किती तुकडा येतो ते १ / (१ + क्ष²) या प्रमाणात काढायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. तीच पद्धत पुढे नेली की पाय भागिले ४ = १ − १/३ + १/५ − १/७… ही श्रेढी मिळते. युरोपात न्यूटन, ग्रेगरी आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात या वाटेवर पाऊल टाकले.

‘युक्तिभाषा’ संस्कृतात नव्हे, तर मल्याळममध्ये लिहिलेली आहे. त्या काळचे सर्वांत कठीण गणित, त्यातल्या युक्त्यांसह, लोकांच्या भाषेत उतरवता आले होते.

विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काय करावे?

पेपर इंग्रजीत असला तरी विचार कोणत्या भाषेत करावा यावर बंधन नाही. कर्ण, संमुख बाजू, लगतची बाजू हे दहावीचे शब्द वापरून त्रिकोण काढला आणि शेवटची ओळ इंग्रजीत लिहिली, तर गणित तेच राहते. वर्गात शिक्षकांनी सहा सूत्रांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी तीन त्रिकोण काढले, तर भाषेचा उंबरठा बराच खाली येतो.

अभ्यासासाठी क्रम असा ठेवता येईल. प्रथम सहा फलनांचे पट्टे, म्हणजे कोणते उत्तर कोणत्या कोनांत येते, ते एका कागदावर आलेखासह काढावे. मग तीन त्रिकोणांवरून सहाही सूत्रे, पुस्तक बंद करून, रोज एकदा अशी आठवडाभर काढावीत. त्यानंतर प्रत्येक प्रश्नात आधी रूप ओळखावे, मर्यादा वाचावी, चिन्ह ठरवावे आणि मगच डेरिव्हेटिव्ह काढावा. शंका आली तर क्ष ची एखादी सोपी किंमत घालून कॅल्क्युलेटरवर पडताळावे. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, पण घरी केलेली पडताळणी चुकीची सवय वेळीच मोडते.

ज्यांना पुढे अभियांत्रिकी, वनशास्त्र, भूमापन किंवा संगणक क्षेत्रात जायचे आहे, त्यांच्यासाठी हा भाग बारावीबरोबर संपत नाही. समाकलनात हीच सूत्रे उलट दिशेने येतात. जमिनीचा चढ, धरणाचा उतार, ड्रोनचा कल, उपग्रहाची दिशा, सगळीकडे यंत्र मोजते गुणोत्तर आणि माणसाला हवा असतो कोन. त्या कोनावर किती विसंबायचे, हे हा डेरिव्हेटिव्ह सांगतो. तो त्रिकोणावरून काढता येणाऱ्याला सूत्र विसरण्याची भीती उरत नाही.